सही करण्याआधी: कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं सांगणं

आधार कार्डाची झेरॉक्स हातात पडली की लगेच घडी घालून खिशात टाकू नका. काउंटरवरच ठेवा, पेन मागा आणि कार्डाच्या चित्रावरून तिरकं लिहा: 'फक्त अमक्या लॉजच्या खोलीसाठी, दि. अमुक'. खाली सही. फोटो आणि नाव झाकू नका, नाहीतर लॉजवाला परत पाठवतो आणि तुम्ही येऊन मला शिव्या देता. काळ्या शाईने, जरा दाबून लिहा. फिकट निळी शाई दुसऱ्या झेरॉक्समध्ये नीट उतरत नाही, आणि तुमच्या झेरॉक्सची दुसरी झेरॉक्स निघणारच आहे असं धरून चाला.

मी वकील नाही. बेळगावात कोर्ट आणि डीसी ऑफिसच्या (म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या) पट्ट्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान घालून मला 31 वर्षं झाली. जामिनाचे अर्ज, वकालतनामे, भाडेकरार, पोलिसांत द्यायचे भाडेकरूंचे फॉर्म, सगळं माझ्या हाताखालून जातं. माणसं घाबरली की बडबडतात, आणि मी टाईप करता करता ऐकतो. त्यातनं जे गोळा झालं ते इथे मांडतोय. तुमच्यावर खरंच केस पडली असेल तर वकील गाठा. हे वकील येईपर्यंतच्या दोन तासांसाठी आहे.

आणि एक आधीच कबूल करतो. भीतीने माझा धंदा वाढवला. मी दुकान घातलं तेव्हा लॉजच्या वहीत नाव, गाव आणि सही, एवढंच असायचं. 'गाव चंदगड' लिहिलं की खोलीची किल्ली मिळायची. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला, 166 माणसं गेली, आणि तिथून पुढे लॉज, सिमकार्ड, भाड्याची खोली, सायबर कॅफे, प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स. महिन्याला कागदाची दोन रिमं संपायची तिथे आठ संपायला लागली.

हल्ला खोटा नव्हता. पहलगामला 2025 च्या एप्रिलात 26 माणसं मारली, तेही खोटं नव्हतं. लॉजमध्ये कोण उतरलंय हे पोलिसांना कळायला हवं, याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ती झेरॉक्स जाते कुठे, किती वर्षं राहते, आणि काम झाल्यावर ती परत कोण मागतो? 31 वर्षांत परत मागणारा एकही माणूस मी बघितला नाही.

म्हणून पहिली सवय ही तिरक्या ओळीची. दुसरी, आधारच द्यावा लागतो असं समजू नका. लॉजला मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, आधी ते पुढे करा. आधारच द्यायचा झाला तर झाकलेल्या आकड्यांचा द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर असा आधार उतरवून घेता येतो, त्यात पहिले 8 आकडे फुल्यांनी झाकलेले असतात आणि फक्त शेवटचे 4 दिसतात. माझ्याकडे दिवसाला शंभरेक आधार येतात, त्यात असा एखादाच.

वही मागायला आले तर

2011 साली सायबर कॅफेसाठी केंद्राचे नियम आले. गिऱ्हाईकाचं ओळखपत्र बघायचं, वहीत नाव, पत्ता, वेळ लिहायची, नोंदी वर्षभर ठेवायच्या. माझ्याकडे तेव्हा मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. मी लांब हिरवी वही आणली, रकाने आखले. नियम पाळायचा मला भारी हुरूप.

एके दिवशी दुपारी दोघेजण आले. साधे कपडे. म्हणाले, ठाण्यातून आलोय, कुठनं तरी धमकीचा मेल गेलाय, वही द्या. मी वही दिली. वर चहा पाजला. नाव विचारलं नाही, कागद मागितला नाही, पोच घेतली नाही. त्या वहीत दोनशेवर लोकांची नावं आणि मोबाईल नंबर होते, त्यात कॉलेजच्या मुलींचेही. वही आजपर्यंत परत आलेली नाही.

महिन्याभराने खानापूरकडचा एक पोरगा आला. परीक्षेचा फॉर्म भरायला तो त्या दुपारी दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसला होता. त्याला तीनदा बोलावून बसवून ठेवलं होतं. अटक नाही, केस नाही, काही नाही. खरं घरमालकाने 'दुसरीकडं बघ बा' म्हणून खोली सोडायला लावली. माझ्यावर चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, "मामा, कागद तरी मागायचा की."

तर कागद मागायचा तो असा. पोलिसांना तपासासाठी वही, रजिस्टर, सीसीटीव्ही, कॉम्प्युटरमधला मजकूर मागता येतो, पण त्यासाठी लेखी आदेशाची वाट आहे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कामाच्या जुन्या कायद्याच्या, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम 94 (जुनं 91) याचसाठी आहे. आवाज चढवू नका. "साहेब, देतो की, एवढं लिहून द्या" म्हणा. कन्नडमध्ये, "साहेब्र, बरदु कोड्री." हे दोन शब्द पाठ करा. आदेशात ज्या तारखांच्या नोंदी मागितल्या असतील तेवढ्याच पानांची झेरॉक्स द्या. मूळ वहीच हवी असेल तर पानं मोजा, आकडा लिहून पोच घ्या आणि आपल्यासाठी एक झेरॉक्स ठेवा. पोचेवर नाव, हुद्दा, ठाणं, तारीख, वेळ. नुसती 'मिळाले' आणि खाली शेपटासारखी सही, हिला पोच म्हणत नाहीत.

एवढ्याने बहुतेक प्रामाणिक पोलीस रागावत नाहीत. कागद असला तर त्यांचीही सोय असते. चिडतो तो ज्याच्याकडे कागद नसतो.

बोलावणं आलं तर

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर त्याच संहितेच्या कलम 179 खाली लेखी बोलावणं लागतं. 15 वर्षांखालची मुलं, 60 वर्षांवरचे पुरुष, बायका, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना ठाण्यात या म्हणून बोलावता येत नाही, जे विचारायचं ते त्यांच्या घरी येऊन विचारायचं. आमच्या गल्लीतली सत्तरीची आजी ठाण्याच्या बाकावर चार तास बसून आली, कुणी तिला हे सांगितलंच नव्हतं. आरोपी म्हणून विचारायचं असेल आणि गुन्हा 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर साधारणपणे आधी कलम 35(3) ची नोटीस. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय.

जाताना एकटे जाऊ नका. सोबत आलेला माणूस बाहेर बसू दे, पण आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ त्याने वहीत लिहावी.

ठाण्यात जबाब घेतला तर त्यावर सही करायची नसते. 'करायची नाही' असा माझा हट्ट नव्हे, कायद्यातच आहे, कलम 181. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये. टाईप करून घ्यायला माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मी हे सांगतो, तर माझ्याकडेच संशयाने बघतात. 'सही नाही केली तर आणखी अडकू' असं वाटतं त्यांना.

या वाटण्यावरच 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांचं पोट चालतंय. व्हिडीओ कॉलवर खाकी घातलेला माणूस म्हणतो, तुमच्या आधारवर घेतलेलं सिम दहशतवाद्याकडे सापडलंय, दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. आणि रिटायर्ड मास्तर, बँकेतली माणसं दोन-दोन दिवस हलत नाहीत, पेन्शनचे पैसे पाठवून मोकळी होतात. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. फोन ठेवा आणि 1930 ला कळवा. पण मला यात चोराच्या हुशारीपेक्षा आपली सवय जास्त दिसते. कागद न मागता ऐकायची सवय आपल्याला आधीच लागली होती, चोराने ती फक्त वापरली.

कन्नड महजर आणि मराठी सही

महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला इकडे महजर म्हणतात. आणि महजरवर पंचांची सही लागते. जबाबाचं आणि याचं उलट आहे, नीट लक्षात घ्या.

बरीच वर्षं झाली. कुठल्याशा शहरात स्फोट झाला होता आणि इकडेही धरपकड चालू होती. दुकानात एक पोलीस आला, म्हणाला, "मामा, दोन मिनिटं या, पंच पाहिजे." मी गेलो. एका खोलीत टेबलावर एक मोबाईल, काही कागद, एक बॅग. पोरगा कोपऱ्यात उभा. फौजदारांनी कन्नडमध्ये भराभर लिहिलं. मला कन्नड बोलता येतं, दुकानात निम्मं गिऱ्हाईक कन्नडच आहे. छापील अक्षर मी लावून लावून वाचतो. हाताने लिहिलेलं मात्र मला वाचता येत नाही. मी खाली मराठीत सही ठोकली आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणून पळत परत आलो.

तीन वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं, मोबाईल किती होते? मी म्हटलं, एक. त्याने महजर माझ्यापुढे धरला. त्यात तीन लिहिले होते. त्याने विचारलं, ही सही तुमचीच ना? होय. मग वाचून केली का? मी गप्प. न्यायाधीश साहेबांनी कन्नडमध्ये जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पोरगा मागे उभा होता. तो 14 महिने आत राहून जामिनावर सुटलेला होता. तो माझ्याकडे बघतही नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी खोटं बोललो नव्हतो. मी वाचलं नव्हतं.

त्यानंतर मी हे शिकलो, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शिकवतो. पंच म्हणून लेखी बोलावणं असेल तर कारण नसताना नकार देणं हा गुन्हा आहे, तेव्हा पळू नका, जा. वस्तू मोजा, स्वतः. मोबाईल असला तर त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, महजरमध्ये उतरवलाय का बघा. मजकूर वाचून दाखवायला सांगा: "साहेब्र, ननग कन्नड ओदाक बरंगिल्ल", म्हणजे मला कन्नड वाचता येत नाही. वाचून दाखवला तर सहीच्या वर आपल्या अक्षरात, मराठीत लिहा: 'मजकूर कन्नडमध्ये आहे. मला वाचून दाखवला. पान 1 ते 3. दि., वेळ.' नाही दाखवला तर 'वाचून दाखवला नाही' असं लिहा. मजकूर संपतो आणि तुमची सही सुरू होते त्यामधल्या कोऱ्या जागेत रेघ मारा. ही रेघ मारताना हात थरथरतो, मी दुसऱ्यांदा पंच झालो तेव्हा माझाही थरथरला. फौजदारांनी भुवया उंचावल्या, मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "कोर्टात जाऊन आलेलं दिसताय."

ज्याच्या घराची झडती आहे त्याला यादीची नक्कल मिळते, ती मागून घ्या. आणि आता झडती-जप्तीचं व्हिडीओ चित्रण करणं कलम 105 प्रमाणे बंधनकारक आहे. चित्रण चालू आहे का, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

भाषेचा हा मुद्दा पंचापेक्षा अटक होणाऱ्याच्या कामाचा आहे. सीमाभागात मराठी परिपत्रकांची मागणी किती जुनी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तो विषय काढला की राजकारण सुरू होतं, निम्मे लोक तिथेच कान बंद करतात. अटकेच्या कागदाचं तसं नाही. तुम्हाला का पकडलं याची कारणं लेखी दिली पाहिजेत, आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असा सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर 2025 चा निकाल आहे. गुन्हा कुठलाही असो. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, मॅजिस्ट्रेटपुढे रिमांडसाठी उभं करायच्या किमान दोन तास आधी तरी लेखी द्यायची. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. यूएपीए, म्हणजे दहशतवादाविरुद्धचा कडक कायदा, लावलेल्या प्रकरणातही कारणं लेखी हवीत, हे त्याआधी मे 2024 मध्येच न्यायालयाने स्पष्ट केलं होतं. आणि भाषेचं म्हणाल तर 1962 इतकं जुनं आहे. नागपूरच्या एका स्थानबद्धाला कारणं इंग्रजीत दिली, त्याने हिंदीत मागितली, सरकारने नाही म्हटलं. सुप्रीम कोर्टाने त्याची स्थानबद्धता रद्द केली.

तेव्हा कन्नड कागद पुढे आला तर घ्या, नाकारू नका. त्यावर लिहा: 'मला कन्नड वाचता येत नाही. कारणं मराठीत मिळाली नाहीत.' तारीख, वेळ. वेळ विसरू नका, कारण दोन तासांचा हिशेब त्या वेळेवर होतो, आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचाही. बाकीचं थोडक्यात: अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या कुणा प्रतिष्ठिताची सही लागते, कुणाला तरी कळवायचा हक्क आहे, चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, जरी तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी. डॉक्टरने तपासलं की अंगावरचे वळ त्याला दाखवा, लाजू नका.

फोन

राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर किंवा शिनोळीकडून येताना गाडी अडवली, लायसन्स बघितलं, डिकी बघितली, इथपर्यंत ठीक. फोन उघडून व्हॉट्सॲप दाखव म्हटलं तर? तरुण पोरं पटकन देतात. 'माझ्यात काय आहे लपवण्यासारखं' म्हणतात. तुझ्यात नसेल बा, तुझ्या ग्रुपमध्ये 256 जण आहेत, त्यांच्यात काय आहे तुला माहीत आहे काय?

नम्रपणे विचारा, कुठल्या गुन्ह्याच्या तपासासाठी, आणि लेखी आदेश आहे का. कर्नाटक हायकोर्टाने 2021 च्या एका निकालात म्हटलंय की पोलीस आरोपीला पासवर्ड सांगायला सांगू शकतात, पण त्याने दिला नाही तर पोलिसांनी कोर्टात जाऊन वॉरंट आणायचं. हा आरोपीचा हिशेब झाला, आणि तुम्ही तर नाक्यावर थांबलेले प्रवासी. फोन जप्तच केला तर महजर, आयएमईआय, आणि फोन बंद करून सीलबंद पाकिटात घातला का, ते बघा. त्यातल्या माहितीची हॅश व्हॅल्यू नोंदवा असंही सांगा. हॅश म्हणजे फोनमधल्या मजकुराचा आकड्या-अक्षरांत काढलेला ठसा. नंतर कुणी त्यात काही घुसवलं तर ठसा जुळत नाही. मला हे एका पोराने समजावलं, वकिलाच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर बघतो.

2017 च्या ऑगस्टमध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. ती याचिका घेऊन गेलेले के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायमूर्ती. वयाच्या नव्वदीकडे झुकलेला माणूस आधारविरुद्ध कोर्टात गेला होता. काउंटरवर आधार कार्डांचा ढीग उपसताना मला कधीकधी त्यांची आठवण येते.

मोठं कलम लागलं तर

यूएपीए लागला तर या लेखाचा उपयोग संपला, लगेच फौजदारी वकील गाठा. मात्र घरच्यांनी आकडे माहीत करून घ्यावेत, म्हणजे रोज जेलच्या दारात जाऊन 'आज सुटणार काय' विचारायची पाळी येत नाही. साध्या गुन्ह्यात आरोपपत्र 60 किंवा 90 दिवसांत. यूएपीएत 180 दिवसांपर्यंत वाढवून घेता येतं, पोलीस कोठडी 30 दिवसांपर्यंत. जामिनाच्या वेळी कागद वरवर बघून आरोप खरा वाटला तरी कोर्टाने जामीन नाकारायचा, असं कलम 43-ड सांगतं. खटला सुरूच न होता वर्षानुवर्षं आत काढली, तर त्या मुद्द्यावर जामीन मिळू शकतो, हे 2021 च्या निकालाने मान्य केलंय. वकिलाला त्याबद्दल जरूर विचारा. 2024 पासून भारतीय न्याय संहितेतही दहशतवादी कृत्याचं कलम आहे, 113. गुन्हा त्यात नोंदवायचा की यूएपीएत, हे एसपी दर्जाचा अधिकारी ठरवतो. एफआयआरची नक्कल काढली की कुठलं कलम लावलंय ते आधी बघा.

हे एवढं कडक कसं झालं, ते टप्प्याटप्प्याने झालं. टाडा हा दहशतवादाविरुद्धचा कायदा 1985 मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि 1995 पर्यंत राहिला. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जायचा. 75 हजारांवर माणसं पकडली, शिक्षा झाली ती शेकड्याला दोघांनाही नाही. 2002 ला तसाच दुसरा कायदा, पोटा, 2004 ला तो रद्द. पण रद्द होताना त्यातली बरीच कलमं 1967 च्या यूएपीएत जाऊन बसली. टाडा-पोटाला मुदत तरी होती, यूएपीएला ती नाही. 26/11 नंतर तीन आठवड्यांत लोकसभेने त्यात जामिनाचं कलम घातलं. 2019 मध्ये संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवायची सोय झाली. आणि तो कबुलीजबाब? कर्नाटकच्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्यात, ज्याला पेपरवाले 'कोका' म्हणतात, तो अजून जिवंत आहे.

हुबळी इथनं दोन तासांवर. 2008 मध्ये तिथे सिमी या बंदी घातलेल्या संघटनेच्या कटाच्या आरोपावरून 17 जणांना धरलं. 2015 मध्ये सगळेच्या सगळे निर्दोष सुटले. सात वर्षं. पकडण्याआधी ज्यांनी त्यांचे कागद बघून खोली दिली, सिम दिलं, नोकरी दिली, त्यांचं त्या सात वर्षांत काय झालं असेल याचा विचार माझ्यासारखा झेरॉक्सवालाच करणार.

आपल्याकडे ही तऱ्हा नवी नाही. 1908 मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, आणि जूनमध्ये इंग्रजांनी एकाच दिवशी दोन कायदे केले: एक स्फोटकांचा, दुसरा वर्तमानपत्रांवरचा. टिळकांनी केसरीत 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असं लिहिलं आणि त्या सुमाराच्या लेखांसाठी सहा वर्षं मंडालेला गेले. सुटून आल्यावर एप्रिल 1916 मध्ये होमरूल लीग काढली ती इथे, बेळगावात. वर्तमानपत्रांचा तो कायदा 1922 मध्ये गेला. स्फोटकांचा 1908 चा कायदा मात्र टिकला, मी आजही त्याचं नाव जामीन अर्जात टाईप करतो.

जमावबंदी

हे आपल्याला सगळ्यांत ओळखीचं, म्हणून चारच ओळी. जुनं 144, आता कलम 163. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आलं, की महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या मैदानाभोवती हा आदेश आलाच. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रातले खासदार धैर्यशील माने यांना जिल्ह्यात यायलाच डीसींनी बंदी घातली होती. महाराष्ट्रातले लोक यावर गळा काढतात, खरं मुंबईत दहशतवाद्यांच्या भीतीचं कारण देऊन ड्रोन आणि पॅराग्लायडरवर अशीच बंदी पुन्हा पुन्हा निघत असते. कलम एकच.

आदेशाची प्रत मिळवा, बातमीवर जाऊ नका. हद्द कुठून कुठे, तारीख कुठली, कारण काय लिहिलंय. दोन महिन्यांच्या वर हा आदेश चालत नाही, पुढे वाढवायचा तर राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते. आदेश प्रसिद्ध केला पाहिजे आणि तोच तोच पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्ये, काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सांगितलं. आणि बंगळुरूत 18 डिसेंबर 2019 ला काढलेली जमावबंदी आपल्याच हायकोर्टाने नंतर बेकायदा ठरवली. मोर्चाच्या आदल्या रात्री उचललं तर कलम 170, त्यात 24 तासांच्या वर ठेवता येत नाही. परवानगीचा अर्ज दिला असेल तर त्याच्या पोचेची झेरॉक्स घरी ठेवा. मोर्चात नेलेली भिजते.

पाकिटातला चिटोरा

शेवटचं काम, आज रात्री करण्यासारखं. पकडलं की पहिल्यांदा जातो तो फोन, आणि नंबर सगळे फोनमध्ये. कागदाचा विड्याच्या पानाएवढा तुकडा घ्या. त्यावर ओळखीच्या वकिलाचा नंबर लिहा. वकील ओळखीचा नसेल तर 15100 लिहा, ती मोफत कायदा सल्ल्याची सरकारी हेल्पलाइन आहे. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तो अर्ज मी टाईप करतो आणि त्याचे पैसे घेत नाही. चिटोऱ्यावर रक्तगट, रोजची गोळी असेल तर तिचं नावही लिहा. आणि मराठीत एक ओळ, तशीच कुणा ओळखीच्याकडून कन्नडमध्येही लिहून घ्या: 'मला कन्नड वाचता येत नाही, कागद मराठीत द्यावा.' वर चिकटपट्टी लावा, घामाने शाई पसरते.

माझा चिटोरा पाकिटात लायसन्सच्या मागे आहे. पुढच्या बाजूला वकिलाचा नंबर, मागच्या बाजूला बायकोचा. 31 वर्षं लोकांचे नंबर टाईप करतोय, खरं तिचा मला अजून पाठ नाही.